पेठेतला रिकामा प्लॉट आणि कारखान्यात बनलेलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या शहरात एखादा वाडा पडतो किंवा पाडला जातो. जागेला पत्रे लागतात, आत एरंड आणि रुई माजते, कोपऱ्यात कुणीतरी दुचाकी लावायला लागतं आणि बघता बघता पंधरा-वीस वर्षं जातात. तिथली बिऱ्हाडं तोवर शहराच्या कडेला पांगलेली असतात. मी पुण्याच्या पेठेत लहानाचा मोठा झालो. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. आज त्यातलं एकही पेठेत नाही. पुढे आर्किटेक्ट म्हणून काम करताना बार्सिलोनाच्या जुन्या भागातला एक छोटा प्रयोग अभ्यासाला घेतला आणि तेव्हापासून त्याबद्दल बोलत आलो आहे. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बार्सिलोनात नेमकं काय केलं?

शहराच्या गॉथिक भागात, नोउ दा सांत फ्रान्सेस्क नावाच्या गल्लीत, महापालिकेची एक जागा मोकळी पडून होती. २०१९ च्या अखेरीस तिथे १२ घरांची इमारत उभी राहिली. जहाजावरचे वापरलेले १६ कंटेनर, चार मजले, मजल्यावर चार कंटेनर. एका कंटेनरचं घर ३० चौरस मीटरचं, दोन जोडून केलेलं ६० चौरस मीटरचं. पहिल्या प्रकारची आठ घरं, दुसऱ्या प्रकारची चार. या चार मजल्यांखालचा तळमजला परिसरातल्या सरकारी आरोग्य केंद्रासाठी. आराखडा स्ट्रॅडल-३, एउलिया आर्किटेक्टुरा आणि याइझा तेरे यांचा.

योजनेचं नाव ‘अप्रोप’. जवळच्या जागी तात्पुरता निवारा, अशा अर्थाच्या कातालान शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. शिवाय त्या भाषेत ‘आ प्रोप’ म्हणजेच ‘जवळ’. ‘जवळ’ आणि ‘तात्पुरता’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. पहिल्यासाठी मी या योजनेचं कौतुक करतो आणि दुसऱ्याची मला धास्ती वाटते.

तिथे अशी वेळ का आली?

२००८ च्या आर्थिक संकटानंतर स्पेनमध्ये गृहकर्ज थकलेल्या हजारो कुटुंबांची घरं गेली. त्या लोकांची संघटना २००९ साली बार्सिलोनातच उभी राहिली. तिच्या प्रवक्त्या आदा कोलाउ २०१५ मध्ये शहराच्या महापौर झाल्या. पण महापौर झाल्याने घरं उगवत नाहीत. शहरातल्या एकूण घरांत सार्वजनिक मालकीची, परवडणाऱ्या भाड्याची घरं दोन टक्क्यांच्या आसपासच होती. त्यात पर्यटक. जुन्या भागातले फ्लॅट रोजाच्या भाड्याने पाहुण्यांना द्यायला लागल्यावर तिथल्या भाडेकरूंना महिन्याचं भाडं झेपेना. (२०२४ मध्ये शहराने जाहीर केलं की पर्यटकांसाठीच्या दहा हजारांवर फ्लॅटांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. आजार किती वाढला होता ते यावरून कळतं.)

घर सुटलेल्या कुटुंबाला तात्पुरतं लॉजमधल्या खोलीत ठेवलं जाई. तिथे धड स्वयंपाक करता येत नाही. मुलांची शाळा एकीकडे, आजीचा दवाखाना दुसरीकडे. कायमचं सरकारी घर बांधून व्हायला वर्षं लागतात. ती मधली वर्षं माणसाने स्वतःच्याच मोहल्ल्यात काढावीत, यासाठी ही इमारत.

म्हणजे गरिबांना डब्यात कोंबायचं? हा कसला सन्मान?

हा प्रश्न सगळ्यात रागाने विचारला जातो, आणि तो राग मला पटतो. आपल्याकडे कंटेनर म्हटलं की साइटवरचं ऑफिस किंवा वॉचमनची खोली डोळ्यांपुढे येते. बार्सिलोनातही ‘माणसांना डब्यात ठेवता का’ अशी टीका झाली.

पण मोजून बघू. ३० चौरस मीटर म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट, ६० म्हणजे ६४६. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची होती आणि संडास मजल्यावर सामाईक. त्या खोल्यांत मुंबईने कुटुंबंच्या कुटुंबं वाढवली. बार्सिलोनाच्या घरात स्वतंत्र स्वयंपाकघर आहे, न्हाणीघर आहे, खिडकीतून गल्ली दिसते. भिंतीमागे कंटेनर आहे हे आत राहणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळू नये, इतकी मेहनत घेतली तर आणि तरच अशा घराला घर म्हणावं. नुसता पत्रा कापून दार-खिडक्या बसवल्या असतील तर मी स्वतः त्याला विरोध करीन.

मॉड्यूलर घर, म्हणजे कारखान्यात तुकड्यांत बनवून जागेवर जोडलेलं घर, कंटेनरचंच असतं असंही नाही. लोखंडी सांगाड्याच्या तयार खोल्या असतात, लाकडाच्या असतात, काँक्रीटच्या असतात, नाहीतर नुसती भिंतींची आणि स्लॅबची पॅनेल आणून जागेवर जोडतात. कंटेनर हा त्यातला एक पर्याय, आणि माझ्या मते आपल्या हवेला फार सोयीचा नव्हे.

उन्हाळ्यात भाजून निघणार नाही का?

नुसत्या लोखंडात नक्की भाजून निघाल. पत्र्याखाली एक वैशाख काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

कंटेनरची आतली रुंदी जेमतेम पावणेआठ फूट. उष्णतारोधक थर आतून लावला तर दोन्ही बाजू मिळून सात-आठ इंच जातात आणि खोली बोळासारखी होते. म्हणून बार्सिलोनात तो थर बाहेरून चढवला आणि त्यावर पॉलिकार्बोनेटचं (एक टणक प्लास्टिक) आवरण घातलं. आतली रुंदी वाचली आणि ऊन थेट लोखंडावर पडायचंही थांबलं. आपल्याकडे याच्या जोडीला वर दुसरं छप्पर लागेल, मधून वारा खेळेल असं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात आतल्या बाजूला पाणी सुटण्याचा त्रास वेगळाच. थंड लोखंडाला दमट हवा लागली की भिंतीला घाम येतो, मग बुरशी.

आणखी एक बाब, जी विक्रेते सांगत नाहीत: जहाजी कंटेनरच्या प्लायवूडच्या तळाला बहुतेक वेळा कीटकनाशक लावलेलं असतं. तो तळ काढून टाका, नाहीतर पूर्ण सील करून घ्या. रांगणारं मूल असलेल्या घरात यावर तडजोड नको.

जुन्या शहरात एवढ्या जागा रिकाम्या राहतातच का? जमिनीला तर सोन्याचा भाव आहे.

सोन्याचा भाव आहे म्हणूनच राहतात. मालकाला वाटतं, आज नको, आणखी पाच वर्षांनी. पण पेठांमध्ये याहून गुंतागुंतीची कारणं आहेत.

पहिलं कारण वारस. पणजोबांच्या नावावरचा वाडा, आज बावीस वारस, त्यातले चार परदेशात, दोघांचं कोर्टात चालू. दुसरं, जुने भाडेकरू. वाडा पडला तरी त्यांचा हक्क पडत नाही, आणि तो पडूही नये. पण मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांचं एकमत होईपर्यंत एक पिढी जाते. तिसरं, रस्तारुंदी. विकास आराखड्यातली रेषा प्लॉटच्या पोटातून गेली की उरतो तो वीस फुटांचा तुकडा. त्यावर पार्किंग, जिना, लिफ्ट, बाजूची मोकळी जागा हे सगळं नियमाप्रमाणे बसवायचं म्हटलं तर घराला जागाच राहत नाही. आणि कुठे आरक्षण: नकाशावर शाळा नाहीतर दवाखाना, प्रत्यक्षात उकिरडा.

शेवटच्या प्रकारच्या जागांकडे मी सगळ्यात आशेने बघतो. ज्या जागेचं भविष्य ठरलेलं आहे पण मुहूर्त ठरलेला नाही, तिथे दहा वर्षांसाठी घरं उभी राहू शकतात. बार्सिलोना महापालिकेने याआधीही आपल्या रिकाम्या जागा काही वर्षांच्या बोलीवर स्थानिक गटांना बागा आणि खेळासाठी दिल्या होत्या. जागा मोकळी ठेवण्याची नुकसानी असते, हे त्यांनी मान्य केलं होतं.

आमच्या गल्लीतून रिक्षा निघत नाही. ट्रेलर आणि क्रेन कुठून येणार?

अशा घरांसाठीचा कंटेनर बहुधा ४० फुटी असतो: लांबी १२.१९ मीटर, रुंदी २.४४ मीटर, उंच प्रकारातला २.९० मीटर. रिकामा असताना वजन चार टनांच्या आसपास. तो घेऊन येणारा ट्रेलर कसबा पेठेच्या कुठल्याही वळणावर अडकेल. गिरगावातल्या वाड्यांमध्ये तर शिरणारच नाही. सरळ रस्ता पुरतो. घात होतो तो वळणावर.

म्हणून मॉड्यूलचं माप गल्लीने ठरवायचं, कारखान्याने नव्हे. २० फुटी खोली आणता येते का ते बघा. तीही वळत नसेल तर भिंतींची पॅनेल टेंपोतून आणा आणि जागेवर जोडा. वेग थोडा कमी होईल, पण काम होईल. क्रेन मोठ्या रस्त्यावर उभी करून घरांवरून उचलता येते, मात्र मग हाताचा पल्ला वाढतो, पल्ला वाढला की क्रेनची उचलायची ताकद झपाट्याने घटते आणि भाडं वाढतं. ज्या घरांवरून ओझं जाणार ती उचलीच्या वेळी रिकामी करावी लागतात. वरून गेलेल्या इंटरनेटच्या आणि केबलच्या वायरींचं जाळं आधी सोडवावं लागतं.

आणि भाद्रपदात क्रेन आणायचं नावसुद्धा काढू नका. मांडव पडायला लागले की पेठेतल्या गल्ल्या गणपतीच्या असतात.

खरंच लवकर होतं का?

उभारणी लवकर होते. जागेवर पायाचं काम चालू असतानाच कारखान्यात खोल्या तयार होत असतात, म्हणून महिने वाचतात. शेजाऱ्यांना धूळ, वाळूचे ढीग आणि मिक्सरचा आवाज थोडेच दिवस सोसावा लागतो; चिंचोळ्या गल्लीत हे फार मोठं सुख आहे.

कागद मात्र कारखान्यात बनत नाहीत. बार्सिलोनाची योजना २०१७ मध्ये जाहीर झाली आणि इमारत २०१९ अखेर झाली. परवानग्या, निविदा, शेजाऱ्यांच्या हरकती यांना लागायचा तो वेळ लागतोच.

स्वस्त पडतं का?

नेहमी नाही. कुणी छातीठोकपणे ‘निम्म्या खर्चात’ म्हणत असेल तर हिशेब मागा.

बार्सिलोनात घरं परवडली, कारण जमीन महापालिकेची होती. जमिनीची किंमत धरली तर शहराच्या मध्यावर कुठल्याही पद्धतीने बांधलेलं घर गरिबाला परवडत नाही. मॉड्यूलर पद्धतीत बचत होते ती वेळेची, आणि वेळेबरोबर व्याजाची व लॉजच्या भाड्याची. उलट बाजूने वाहतूक आणि क्रेन हा जादा खर्च. शिवाय कारखान्याला कामाचा सतत पुरवठा लागतो. १२ घरांच्या एका कामावर तो चालत नाही. ब्रिटनमध्ये सरकारचं पाठबळ असूनही २०२३ साली अशी घरं बनवणारे दोन मोठे कारखाने बंद पडले. आपल्याकडे मजुरी कमी आहे, त्यामुळे कारखान्याने वाचवलेले मनुष्यदिवस रुपयांत तिकडच्याइतके मोठे दिसत नाहीत.

सुरक्षित असतात का?

१६ मे १९६८ ची गोष्ट. लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली नवी इमारत, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पॅनेलांची. अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर फेकली गेली आणि त्या कोपऱ्यातले वरचे-खालचे मजले पत्त्यांसारखे कोसळले. चार जण गेले. पॅनेल चांगली होती, जोड कच्चे होते.

जगभरच्या बांधकाम नियमांनी त्यातून धडा घेतला: एक तुकडा निखळला तरी बाकीची इमारत उभी राहिली पाहिजे. ज्या घरांत सिलिंडरवर स्वयंपाक होतो तिथे हा नियम जास्तच लागू. तेव्हा मॉड्यूलर इमारत बघायला गेलात तर रंग आणि टाइल्स बघू नका. जोड कुठे आहेत आणि ते पुढे तपासता येतील का, ते विचारा.

कंटेनरबद्दल एक गैरसमज आहे की तो अभेद्य असतो. त्याची ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत असते. बाजूची भिंत कापून दोन कंटेनर एकत्र केले की चौकट कमजोर होते आणि वेगळं लोखंड घालून ती भरून काढावी लागते. आगीत लोखंड साधारण ५५० अंशांच्या पुढे निम्मी ताकद गमावतं, म्हणून आगरोधक आवरण लागतंच.

जुन्या वास्तूंच्या शेजारी हे विद्रूप दिसेल ना?

दिसू शकतं. पण शंभर वर्षांच्या वाड्याशेजारी काचेचा व्यापारी संकुलाचा ठोकळा उभा राहतो तेव्हा हा प्रश्न इतक्या तावातावाने विचारलेला मी ऐकलेला नाही.

माझं मत: खोटे लाकडी खांब आणि फायबरच्या कमानी चिकटवून वाड्याचं सोंग आणू नये. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत जीर्णोद्धाराबद्दल हेच म्हटलं आहे, की नव्या भरीवर आपल्या काळाची खूण असावी. सांभाळायचं ते दुसरंच आहे. शेजारच्या घरांची उंची, रस्त्याकडची सलग रेषा, खिडक्यांमधलं अंतर, खाली बसायला ओटा. गल्लीला दात पडल्यासारखी जी फट दिसते ती बुजली, की डोळा बाकीचं स्वीकारतो.

एक फायदा दिसत नाही, पण आहे. हलक्या इमारतीला उथळ पाया पुरतो. जुन्या शहराच्या पोटात काय काय गाडलेलं असतं कोण जाणे. दोन मजली तळघर खणलं तर ते कायमचं जातं.

‘तात्पुरतं’ म्हणजे किती वर्षं?

इथे मला थांबून सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण मराठी वाचक हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या मनात संक्रमण शिबीर असतं.

मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारती, म्हणजे गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, परळ इथल्या जुन्या चाळी. त्या धोकादायक झाल्या की रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवायचं आणि इमारत नव्याने बांधून परत आणायचं, अशी योजना. प्रतीक्षानगर, कन्नमवारनगर, गोरेगाव, धारावी. कितीतरी कुटुंबं काही वर्षांसाठी म्हणून गेली आणि तिथेच नातवंडांची लग्नं झाली. प्लॉट अरुंद होता, किंवा आरक्षणात गेला होता, म्हणून मूळ जागी इमारत झालीच नाही. अशा लोकांना दुसरीकडे घर द्यायला त्यांची एक मोठी यादी, ‘बृहत्सूची’, काढावी लागली. दरम्यान शिबिरांत घुसखोर शिरले आणि शिबिरांच्या इमारतीच मोडकळीला आल्या. गिरगावकर म्हणून जन्मलेला माणूस विक्रोळीत संक्रमणातच वारला.

तिकडेही मुदत पाळली जातेच असं नाही. लंडनच्या लेविशम भागात २०१६ मध्ये उचलून हलवता येतील अशी २४ घरं एका मोकळ्या जागेवर उभारली, एक ते चार वर्षांच्या बोलीवर. चार वर्षं उलटली तरी ती तिथेच होती. बार्सिलोनातल्या इमारतीचा विचारही पाच वर्षांच्या हिशेबाने झाला होता.

माझ्या मते इमारतीची मुदत आणि माणसाची मुदत वेगवेगळी धरावी. इमारत खुशाल वीस वर्षं राहू दे, ती चांगली बांधलेली असेल तर. पण कुटुंबाच्या हातात पहिल्याच दिवशी कागद हवा: कायमचं घर कुठे, कधीपर्यंत, आणि तारीख चुकली तर भरपाई काय. तो कागद नसेल तर शेजाऱ्यांनी आणि राहणाऱ्यांनी मिळून योजना अडवावी.

शिबिरं आणि ‘अप्रोप’ यांत एक फरक मात्र खरा आहे. शिबिरात जाताना माणसाचा मोहल्ला सुटला. बार्सिलोनात घर बदललं, पण भाजीवाला तोच राहिला. आपल्याच गल्लीत थांबलेल्या माणसाला विसरणं अधिकाऱ्यांना जरा कठीण जातं.

ही घरं कुणाला देतात?

त्याच भागात राहणाऱ्या, घर गेलेल्या किंवा जायच्या बेतात असलेल्या लोकांना, महापालिकेच्या समाजसेवा विभागामार्फत. विकत मिळत नाहीत. आपल्याकडे मालकी द्यायचा आग्रह धरला तर पहिल्या पाच वर्षांत ही घरं दलालांकडून फिरून दुकानांची गोदामं होतील, अशी मला भीती वाटते.

बारा घरांनी काय होणार?

घरांची टंचाई संपणार नाही. पुढे बार्सिलोनातच ग्लोरिएस भागात ४२ घरांची दुसरी योजना झाली. तीही समुद्रात थेंबच. ज्या बारा कुटुंबांची शाळा बुडाली नाही, त्यांच्यासाठी मात्र तो आकडा लहान नाही.

भारतात असं काही झालंय का?

कारखान्यात बनलेली घरं झाली आहेत. १ जानेवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरताळा आणि लखनौ इथे ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी केली. सहा ठिकाणी सहा वेगळ्या पद्धती. रांचीत तर १००८ घरांच्या अख्ख्या खोल्या काँक्रीटमध्ये आधी ओतून रचायच्या होत्या. वर्षात पूर्ण करायचं ठरलं होतं. चेन्नईची ११५२ घरं मे २०२२ मध्ये तयार झाली. पण ही मोठ्या मोकळ्या जमिनीवरची कामं. जुन्या गावठाणातल्या दीड गुंठ्यात हे तंत्र कसं बसवायचं, तो अभ्यास आपल्याला स्वतः करावा लागेल.

आमच्या शेजारी असा प्लॉट आहे. सुरुवात कुठून करू?

सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढा आणि जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. महापालिकेची किंवा ट्रस्टची असेल तर पुढे जायला अर्थ आहे. वारसांच्या वादातली असेल तर तूर्त सोडून द्या. मग विकास आराखड्यात आरक्षण आणि रस्तारुंदीची रेषा तपासा. ड्रेनेजचं चेंबर कुठे आहे आणि जागेची पातळी त्याच्या वर आहे की खाली, ते बघून ठेवा. बारा घरांचं सांडपाणी वर चढत नाही.

या वाड्यात आधी कोण राहत होतं त्यांची नावं लिहून काढा, आणि ती माणसं आता कुठे आहेत ते शोधा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला बहुधा सगळी माहीत असतात.

आणि एखाद्या रविवारी पहाटे, गाड्या लागायच्या आत, ५० फुटी टेप घेऊन गल्लीच्या तोंडाशी जा. दोन्ही बाजूंच्या भिंतींमधलं अंतर, वळणावरचा कोपरा आणि सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वायरीची उंची, एवढी तीन मापं घेऊन या.